पेढीचा नंबर कोणाच्या खिशात आहे?

आपल्या समाजातील बहुतेक धंदे जबानीवर चालतात. भिवंडीचा कारखानदार असो, मालेगावचा ग्रे कापडवाला असो, इचलकरंजीचा सूत दलाल असो की मुंबईतला जरीचा कारागीर असो, सौदा आधी फोनवर होतो, माल निघतो आणि कागद मागाहून तयार होतो. ट्रान्सपोर्ट कोणाचा घ्यावा, सायझिंग कोठे करावी, यावर आपण दहा जणांना विचारतो. पण ज्या फोनवर सगळा धंदा उभा आहे, तो कसा असावा याचा विचार मात्र फार थोडे व्यापारी करतात.

गेल्या काही वर्षांत दुकानादुकानांतून इंटरनेटवर चालणारे फोन विकणारे लोक फिरत आहेत. कोणी त्याला क्लाउड टेलिफोन म्हणतो, कोणी आय.पी. एक्सचेंज म्हणतो, कोणी व्हर्च्युअल नंबर म्हणतो. काही व्यापारी शेजारच्याने घेतला म्हणून घेतात. काही जण "मोबाईल आहे ना हातात" असे म्हणून विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवतात. दोन्ही निर्णय विचार न करता घेतलेले असतात.

माझे मत असे आहे की, ज्या पेढीत चार किंवा अधिक माणसे पार्ट्यांशी फोनवर बोलतात, किंवा जिचे दुकान, गोदाम आणि कारखाना वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, तिने असा फोन जरूर घ्यावा. मात्र निवड करताना तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत. नंबर कोणाच्या मालकीचा राहील? लाईट आणि नेट गेल्यावर काय होईल? आणि शेवटी, पैसे किती लागतील? विकणारा नेमका उलट्या क्रमाने बोलतो. तो आधी स्वस्ताई सांगतो आणि नंबराच्या मालकीचा विषय काढतच नाही.

ही चीज आहे तरी काय?

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. एस.आय.पी., कोडेक, ट्रंक हे शब्द प्रथम कानावर आले तेव्हा मलाही ते परके वाटले. पण मूळ गोष्ट सोपी आहे. आपण बोललेला आवाज यंत्र लहान लहान तुकड्यांत कापते, साधारणपणे एका सेकंदाचे पन्नास तुकडे. आपण गाठींवर मार्का आणि पत्ता घालतो, तसा प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो आणि तो इंटरनेटवरून रवाना होतो. पलीकडे ते तुकडे क्रमाने जोडून पुन्हा आवाज तयार होतो. गाठी वेळेवर आणि क्रमाने पोहोचल्या तर आवाज साफ येतो. काही गाठी रस्त्यात राहिल्या तर आवाज तुटतो.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेक जण आजही वापरतात, फक्त त्यांना नाव माहीत नसते. फायबर इंटरनेटबरोबर जो लँडलाइन फोन मिळतो, तो असाच चालतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर फोरजीवरचे बोलणेही याच पद्धतीने होऊ लागले. आपल्या देशात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण तेव्हा ती परदेशी कॉल आणि संगणकावरून संगणकावर बोलण्यापुरती होती. देशातील साध्या फोन आणि मोबाईल नंबरांशी इंटरनेटवरून बोलण्याचा मार्ग २०१८ मध्ये मोकळा झाला. त्याच वर्षी बी.एस.एन.एल.ने ‘विंग्ज’ नावाची अशी सेवा जाहीर केली. म्हणजे हे तंत्र नवखे नाही आणि बेकायदाही नाही. प्रश्न फक्त योग्य निवडीचा आहे.

पहिला प्रश्न : नंबर कोणाचा?

आपल्या बाजारात एक दृश्य नेहमी दिसते. सेल्समन आठ-दहा वर्षे पेढीवर काम करतो. पाली, बालोतरा, जेतपूर येथील सगळ्या पार्ट्या त्याच्या मोबाईलवर बोलतात. पार्टीच्या फोनमध्ये पेढीचे नाव नसते, सेल्समनचे नाव असते. एक दिवस तो स्वतःचे दुकान काढतो. यात त्याचा काही गुन्हा नाही, रोजी कमावण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण दुसऱ्या दिवसापासून पेढीचे फोन वाजणे बंद होते. माल तोच असतो, दर तोच असतो, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. मालक सेल्समनला बेइमान म्हणतो. खरे तर गिऱ्हाईक त्याने पळवलेले नसते, पेढीने स्वतःचा नंबर गिऱ्हाइकाला कधी दिलेलाच नसतो.

हीच गोष्ट घरातही घडते. वडिलांच्या नावाचे सिम थोरला मुलगा वापरतो, पुढे भावांत वाटणी होते आणि तीस वर्षांच्या पेढीचा नंबर कोणाकडे राहायचा यावरून तंटा सुरू होतो. दुकान, गाळा आणि माग यांची वाटणी करता येते. नंबराची वाटणी करता येत नाही.

इंटरनेट फोनचा खरा फायदा हाच आहे. एक नंबर पेढीचा असतो. त्यावर आलेला कॉल मुनिमाकडे, गोदामात, कारखान्यात किंवा बाहेरगावी असलेल्या मालकाच्या मोबाईलवर पाठवता येतो. माणूस बदलला तरी नंबर तोच राहतो. बाहेर जाणाऱ्या कॉलवरही पेढीचाच नंबर दिसावा, अशी व्यवस्था करता येते.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. मोबाईल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ही सोय मोबाईलपुरती आहे. लँडलाइन पद्धतीच्या नंबराबाबत तसे गृहीत धरू नका. काही विक्रेते नंबर स्वतःच्या नावावर ठेवतात आणि आपल्याला तो केवळ वापरायला देतात. भाडे थकले किंवा विक्रेत्याने धंदा बंद केला की नंबर गेला. म्हणून सही करण्यापूर्वी लेखी विचारा की, हा नंबर कोणत्या परवानाधारक कंपनीचा आहे, तो कोणाच्या नावे नोंदला जाईल आणि आम्ही सोडून गेलो तर त्याचे काय होईल. पेढीचे जी.एस.टी. प्रमाणपत्र, गुमास्ता लायसन्स किंवा उद्यम नोंदणी न मागता नंबर देणारा असेल, तर तो नंबर तुमच्या नावावर होणार नाही हे समजून जा.

नंबर कोठला मिळतो हेही पाहा. भिवंडीच्या व्यापाऱ्याला ०२५२२ किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याला ०२५५४ ने सुरू होणारा नंबर मिळाला तर जुनी पार्टी ओळखते. अनोळखी नंबर दिसला की आजकाल लोक जाहिरातीचा कॉल समजून उचलत नाहीत.

दुसरा प्रश्न : लाईट गेली तर?

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्सचेंजमधून, त्याच तारेतून मिळत असे. गावात अंधार असला तरी फोन वाजत असे. फायबरच्या तारेतून वीज येत नाही. भिंतीवरचा फायबरचा डबा, राउटर आणि टेबलावरचा आय.पी. फोन या तिन्हींना आपल्याच दुकानातून वीज लागते. लाईट गेली की तिन्ही बंद पडतात. यंत्रमागाच्या गावांतील व्यापाऱ्याला विजेचे हाल कोणी सांगायला नकोत.

याला उपाय आहे आणि तो महागही नाही. फायबरचा डबा आणि राउटर फार थोडी वीज खातात. त्यांच्यासाठी एक लहान यू.पी.एस. वेगळा ठेवावा. दुकानाच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे यांच्याबरोबर त्यांना जोडून मोकळे होऊ नये, कारण इन्व्हर्टर उतरला की पहिला बळी फोनचा जातो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. आमचे नेट बंद असताना कोणी आमचा नंबर लावला तर काय होईल? चांगल्या सेवेत कॉल आपोआप ठरलेल्या मोबाईलवर जातो. क्लाउड पद्धतीच्या अनेक सेवांमध्ये कॉल मुळातच साध्या मोबाईल नेटवर्कने आपल्या माणसांच्या फोनवर येतो, त्यामुळे दुकानाचे नेट गेले तरी काम अडत नाही. जो विक्रेता याचे उत्तर "आमच्याकडे नेट जातच नाही" असे देतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

नेटची लाइन : वेग नव्हे, नियमितपणा

विक्रेता म्हणतो, शंभर एम.बी.ची लाइन घ्या, आवाज साफ येईल. हे अर्धसत्य आहे. एका साध्या कॉलला दोन्ही दिशांनी सुमारे ९० किलोबिट लागतात. दहा माणसे एकाच वेळी बोलत असतील तरी एक एम.बी.पी.एस.च्या आत काम भागते. आवाज तुटतो तो तुकडे उशिरा आणि वेडेवाकडे पोहोचल्यामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणाऱ्याला अडचण वाटत नाही. त्याच्या फार पुढे गेला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दर सांगताना घोटाळा होतो. सव्वाशेचे सव्वादोनशे ऐकू गेले तर नुकसान कोणाचे, हे सांगायला नको.

कापडाच्या दुकानात आणखी एक अडचण असते. साड्यांचे फोटो, डिझाइनचे व्हिडिओ आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग दिवसभर नेटवर चढत असते. एका मुलाने व्हिडिओ पाठवायला घेतला की शेजारच्या फोनवरचा आवाज तुटू लागतो. चांगल्या राउटरमध्ये आवाजाला आधी वाट देण्याची सोय असते. ती सुरू करून घ्यावी. फोन शक्यतो वायफायवर न ठेवता तारेने जोडावा. आणि दोन पैसे वाचवण्यासाठी शेजारच्याशी भागीत घेतलेल्या नेटवर पेढीचा फोन कधीही चालवू नये.

कोणाला काय लागते?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, फायबरबरोबर मिळणारा साधा लँडलाइन. एक गाळा, एक गल्ला आणि एक-दोन माणसे असतील तर याहून जास्त काही घेण्याची गरज नाही. फायबरच्या डब्याला जुना कॉर्डलेस फोनही बहुधा जोडता येतो.

दुसरा, क्लाउड पद्धत. यंत्र विक्रेत्याकडे असते, आपण माणशी किंवा नंबरामागे दरमहा भाडे देतो. दुकान, गोदाम आणि कारखाना वेगवेगळे असलेल्या मध्यम पेढीला हीच पद्धत सोयीची आहे. शुक्रवारी जुम्याच्या वेळी किंवा रमजानमध्ये इफ्तारच्या सुमारास कॉल कोणाकडे जावा, याचे वेळापत्रक एकदा लावून ठेवता येते. सुटलेल्या प्रत्येक कॉलची नोंद राहते आणि परत फोन करता येतो.

तिसरा, स्वतःचे आय.पी. एक्सचेंज दुकानात बसवणे. यासाठी ‘ॲस्टरिस्क’सारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, त्यामुळे हे स्वस्त वाटते. पण ते सांभाळायला जाणकार माणूस लागतो. पंचवीस-तीस माणसांची पेढी असेल आणि घरातला एखादा मुलगा या विद्येत तयार असेल, तरच याच्या वाटेला जावे. अशा एक्सचेंजचा पासवर्ड ‘१२३४’ ठेवला तर परदेशी चोर रात्रीतून त्यावरून महागडे आंतरराष्ट्रीय कॉल करतात आणि बिल मालकाच्या नावे येते. गरज नसेल तर आय.एस.डी. बंदच ठेवावी. आखातात माल जात असेल तर तेवढेच देश उघडावेत आणि खर्चाला मर्यादा लावून घ्यावी.

आणि व्हॉट्सॲपचे काय? फोटो दाखवण्यासाठी आणि ऑर्डर लेखी घेण्यासाठी ते उत्तमच आहे. एकट्या कारागिराला व्हॉट्सॲप बिझनेस आणि स्वतःच्या नावाचे वेगळे सिम एवढे पुरेसे आहे. त्याने दरमहा भाड्याच्या फंदात पडू नये. पण व्हॉट्सॲपचा कॉल साध्या लँडलाइनवरून येत नाही, आणि ते खाते बंद झाले तर दाद मागायला समोर कोणी माणूस नसतो. पेढीने आपला दरवाजा पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती देणे शहाणपणाचे नाही.

एक विनंती आणखी. "मराठीसाठी एक दाबा, विक्रीसाठी दोन दाबा" असा लांबलचक रेकॉर्ड लावून जुन्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका. बँकेला ते शोभते. आपला गिऱ्हाईक सलाम-नमस्कार करून माणसाशी बोलायला फोन करतो. तीन घंट्यांत माणसाने उचलला पाहिजे, मग तो कोणत्याही टेबलावरचा असो.

हिशेब पूर्ण मांडा

जाहिरातीत एका माणसाचे महिन्याचे भाडे मोठ्या अक्षरांत असते. आपण त्याला माणसांच्या संख्येने आणि मग बाराने गुणावे. त्यात नंबराचे भाडे, आलेल्या कॉल मोबाईलवर पाठवण्याचा मिनिटाचा दर, रेकॉर्डिंग साठवण्याचा आकार आणि १८ टक्के जी.एस.टी. मिळवावा. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पेढीच्या नावाचे पक्के बिल घेतल्यास या कराचे क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशनमध्ये असलेल्याला मिळत नाही. मिनिटाचा दर असेल तर येणाऱ्या कॉलचाही आकार लागतो का, ते नीट विचारावे. दिवाळी आणि ईदच्या हंगामात कॉल दुपटीने येतात आणि बिलही तसेच येते.

वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट देऊ, असे सांगितले जाते. सुरुवातीला महिन्याचाच करार करावा. पंधरा दिवस पारखावे. भर बाजाराच्या वेळी एकदम तीन नंबरांवरून कॉल लावून पाहावा, मेन स्विच बंद करून पाहावा, बाहेरगावच्या पार्टीला आवाज कसा येतो ते विचारावे. जुना नंबर लगेच सोडू नये. सहा महिने तरी बिल बुकावर दोन्ही नंबर छापावेत.

भाड्याच्या डब्यापासून दूर राहा

एक धोका स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. काही लोक दुकानदाराला किंवा गाळेवाल्याला भेटून म्हणतात, हा लहान डबा तुमच्या नेटला जोडून ठेवा, आम्ही दरमहा भाडे देऊ. तो डबा म्हणजे सिम बॉक्स असतो. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल त्यातल्या सिमवरून स्थानिक कॉल म्हणून पुढे जातात. हे बेकायदा एक्सचेंज आहे. सरकारचा महसूल बुडतो आणि फसवणूक करणारेही त्याच वाटेने लपतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दूरसंचार सेवा देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलीस येतात ते डबा ज्याच्या जागेत आहे त्याच्याकडे. "मला माहीत नव्हते" हे सांगण्यातच वर्षे जातात, आणि आपल्या वस्तीतील माणूस असेल तर बदनामी सगळ्या मोहल्ल्याची होते. दरमहा मिळणाऱ्या भाड्यासाठी हे संकट घरात आणू नये. आपल्या नावाचे सिमही दुसऱ्याला वापरायला देऊ नये.

रेकॉर्डिंगबाबत

इंटरनेट फोनमध्ये बोलणे नोंदवून ठेवण्याची सोय असते. दर, मुदत आणि माल परतीच्या वादात ती उपयोगी पडते. पण समोरच्याला आणि आपल्या नोकरांनाही हे आधी सांगितले पाहिजे. चोरून ऐकणे हे चांगल्या मालकाचे लक्षण नाही. शिवाय रेकॉर्डिंग ही लिखापढीची जागा घेऊ शकत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला आहेच. फोनवर सौदा ठरला की मीटर, दर, मुदत आणि ट्रान्सपोर्ट एवढ्या चार गोष्टी लगेच लेखी संदेशाने पार्टीला पाठवाव्यात. दहा वादांपैकी बहुतेक तेथेच मिटतील.

ज्यांनी लँडलाइनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत काढली, एस.टी.डी. बूथवर रांग लावून सुताचे भाव विचारले, त्या पिढीला फोनची किंमत ठाऊक आहे. आज फोन सहज मिळतो, म्हणून आपण त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. व्यापारी बांधवांनी एक काम या आठवड्यातच करावे. आपले बिल बुक उघडावे आणि त्यावर छापलेले नंबर कोणाच्या नावावर नोंदलेले आहेत, ते तपासावे. मालकाच्या किंवा पेढीच्या नावावर नसलेला प्रत्येक नंबर ही उघडी राहिलेली खिडकी आहे. ती आधी बंद करावी. कोणत्या कंपनीचा फोन घ्यावा हा विचार त्यानंतर निवांतपणे करता येईल.